पहाटे चार पाचचं डरहॅम

टीव्हीवर दिसत नाही, पेपरात छापून येत नाही, ऑफिसात सांगितलं तर ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारतात. तरीही अमेरिकेतल्या एका छोट्या शहराची बेसबॉल टीम आमच्या कोथरूडच्या घरात जवळजवळ रोज पहाटे खेळते. रेडिओवर!

पहाटेचे चार. सोसायटीचा वॉचमन खुर्चीत पेंगतोय, दूधवाला अजून यायचाय. आमच्या डायनिंग टेबलवर मोबाइल, त्याला जोडलेला छोटा स्पीकर आणि शेजारी बाबा. बनियनवर मुद्दाम शर्ट चढवलेला, कारण मॅच म्हणजे मॅच. चार वाजून पाच मिनिटांनी गाड्यांच्या शोरूमची एक जाहिरात संपते, मागे लोकांची कुजबुज ऐकू येते आणि एक माणूस बोलायला लागतो. तिकडे नॉर्थ कॅरोलिनात आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सहा पस्तीस झालेले असतात. आतून आईचा आवाज येतो, ‘‘हळू लावा रे ते!’’ आणि डरहॅम बुल्सची मॅच सुरू होते.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? सांगते.

खटारा कोरोला आणि एक आवाज

२०१७ मध्ये कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं. रिसर्च ट्रँगल पार्क, म्हणजे तिथलं हिंजवडीच म्हणा ना. फक्त १९५९ साली सुरू झालेलं आणि पाइनच्या झाडांमध्ये लपलेलं. आपली बहुतेक मंडळी केरी आणि मॉरिसव्हिलला राहतात. देऊळ, इंडियन स्टोअर, गणपतीत मोदक, सगळं हाताशी. मी भाडं वाचवायला डरहॅममध्ये घर घेतलं आणि एक सेकंडहँड कोरोला. तिचं ब्लूटूथ मेलेलं होतं. राहिला रेडिओ.

एका संध्याकाळी डरहॅम फ्रीवेवरून घरी येताना बटणं फिरवता फिरवता तो सापडला. एकटाच बोलत होता. घाई नाही, आरडाओरडा नाही. मध्येच चक्क गप्प बसायचा. तेवढ्यात मागून शेंगदाणेवाल्याची हाळी, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा ‘फट्’ असा आवाज, एखाद्या लहान पोराचं रडणं. पहिल्या दिवशी मला समजलेला एकमेव शब्द होता ‘बॉल’. तोही चुकीचा समजला होता! बेसबॉलमध्ये ‘बॉल’ म्हणजे पिचरने हद्दीबाहेर टाकलेला आणि बॅटरने शहाणपणाने सोडून दिलेला चेंडू. असे चार झाले की बॅटर आरामात चालत पहिल्या बेसवर जातो.

तीन आठवड्यांत मला नियम कळायला लागले. पण त्याआधीच दुसरं काहीतरी कळलं होतं. वारा कुठून वाहतोय, सूर्य कोणत्या इमारतीमागे गेलाय, डावीकडच्या फील्डरने दोन पावलं मागे घेतलीत, हे सगळं मला गाडीत बसून ‘दिसत’ होतं. मग म्हटलं, एकदा बघून तर येऊ.

तंबाखूचं गाव

डरहॅम हे तंबाखूवर उभं राहिलेलं गाव. टीमची सुरुवात १९०२ ची आणि बुल्स हे नावही ‘बुल डरहॅम’ या तंबाखूच्या ब्रँडवरून आलेलं. अमेरिकन टोबॅकोचा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. २००४ पासून त्याच लाल विटांच्या इमारतींमध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आली. ‘लकी स्ट्राइक’ लिहिलेली चिमणी आणि पाण्याची टाकी मात्र तशीच ठेवलीय. आपल्या लोअर परळच्या फिनिक्स मिलची आठवण यावी अशी. त्याच्या अगदी समोर १९९५ मध्ये उघडलेलं बुल्सचं मैदान.

साधारण दहा हजार माणसं मावतात. वानखेडेच्या हिशोबात काहीच नाही. पण म्हणूनच मजा! खेळाडूच्या बुटांवरची माती दिसते. डाव्या बाजूला ३२ फूट उंच निळी भिंत, तिच्यावर एक प्रचंड लाकडी बैल. होमरन झाला की त्याचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर येतो, शेपूट हलते. बॉल थेट बैलाला लागला तर बॅटरला स्टेक फ्री, आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड! हा बैल मुळात केव्हिन कॉस्टनरच्या १९८८ च्या ‘बुल डरहॅम’ या सिनेमासाठी बनवलेला. सिनेमा हिट झाला आणि बैल गावाचा झाला.

पहिल्या दिवशी मला एक गंमत दिसली. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा कानात रेडिओ लावून बसले होते. समोर मॅच चालू असताना! मी विचारलं तर म्हणाले, तो सांगतो ते मला इथून दिसत नाही.

बेंच, ऑनसाइट आणि कॉल-अप

मायनर लीग म्हणजे आपली रणजी नव्हे. रणजीतली मुंबई स्वतःसाठी खेळते. इथला प्रत्येक संघ एका मोठ्या संघाशी बांधलेला असतो. २०२१ पासून एकूण १२० संघ आहेत, चार पायऱ्यांवर, म्हणजे ३० मोठ्या संघांना प्रत्येकी चार. बुल्स सगळ्यात वरच्या, ट्रिपल-ए पायरीवर आहेत, आणि १९९८ पासून त्यांचा मोठा संघ म्हणजे टॅम्पा बे रेज. खेळाडूंचा पगार टॅम्पा बे देणार, कोण खेळणार तेही तेच ठरवणार. मैदान, तिकिटं आणि हॉट डॉग बुल्सचे. आयटीवाल्यांना हे पटकन कळेल. कंपनी एक, बसायचं क्लायंटकडे, आणि फोन कधी येईल ते कोणालाच माहीत नाही.

तो फोन म्हणजे कॉल-अप. काल रात्री दोन होमरन मारलेला पोरगा आज टीममध्ये नसतो. कारण तो आता फ्लोरिडाच्या विमानात असतो. २००८ च्या उन्हाळ्यात डेव्हिड प्राइस नावाचा तरुण पिचर डरहॅमला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या मॅचमध्ये शेवटचा गडी बाद करून त्याने टॅम्पा बेला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. इथल्या फॅनचं दुखणं हेच. जो सगळ्यात चांगला, तो पहिला जाणार. आणि तो गेला म्हणून टाळ्याही तुम्हीच वाजवायच्या!

सगळेच जात नाहीत, हेही खरं. पैशांचं म्हणाल तर ट्रिपल-एचा किमान पगार २०२३ च्या करारापर्यंत वर्षाला साडेसतरा हजार डॉलर होता, मग ३५,८०० झाला. आधी कित्येक पोरं कोणा कुटुंबाकडे राहायची. टीमची नावं मात्र भन्नाट. जॅक्सनव्हिल जंबो श्रिम्प, टोलेडो मड हेन्स, लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज. आईला पहिल्यांदा वाटलं आम्ही हॉटेलचं मेन्यूकार्ड वाचतोय.

रेडिओलाच का शोभतं?

बेसबॉलची पहिली रेडिओ कॉमेंट्री ५ ऑगस्ट १९२१ ची, पिट्सबर्गहून. तेव्हापासून या खेळाचं आणि रेडिओचं लग्न टिकलंय, कारण दोन चेंडूंमध्ये वेळ असतो. त्या फटीत कॉमेंटेटर गोष्ट सांगतो. मायनर लीगमध्ये तो बहुतेक वेळा एकटाच असतो. खालच्या पायऱ्यांवर तर तोच प्रेसनोट लिहितो, जाहिरातीही विकतो आणि टीमच्याच बसमधून फिरतो. त्यामुळे कोणाला नुकती मुलगी झालीय आणि कोणाची बॅट हरवलीय हे त्याला माहीत असतं.

१८ एप्रिल १९८१ ची मॅच या जगात दंतकथा आहे. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात ईस्टरच्या आदल्या रात्री यजमान आणि रॉचेस्टर यांच्यात सुरू झालेली मॅच संपेचना. नऊ इनिंगची मॅच ३२ इनिंगपर्यंत गेली. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी थांबवली तेव्हा स्टँडमध्ये १९ माणसं उरली होती. थंडी इतकी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. रॉचेस्टरचे दोन कॉमेंटेटर आपल्या गावासाठी बोलतच होते. पहाटे ऐकत कोण असेल, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार. २३ जूनला मॅच पुन्हा सुरू झाली आणि १८ मिनिटांत पॉटकेट ३-२ ने जिंकलं. एकूण खेळ आठ तास पंचवीस मिनिटं!

आता असं होणं अवघड. २०२२ पासून सगळ्या मायनर लीगमध्ये पिचरला घड्याळ लावलंय, ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकलाच पाहिजे. मॅच जवळजवळ अर्ध्या तासाने आटोपली. लोक खूश. पण रेडिओवाल्याच्या गोष्टीही छोट्या झाल्या. सुदैवाने २०२१ पासून एकाच टीमशी मंगळवार ते रविवार सलग सहा मॅच असतात. अर्धी राहिलेली गोष्ट उद्या पूर्ण करता येते.

बाबांचा प्रश्न

२०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा मोसम रद्द झाला. त्या उन्हाळ्यात कोरोलातून फ्रीवेवर जाताना मला कळलं की या गावात माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोणीच नव्हतं.

आणि २०२२ मध्ये पुण्याहून आईचा फोन आला. बाबांचा काचबिंदू. दोन्ही डोळे, उशिरा कळलेलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. मी एकुलती एक. नोव्हेंबरमध्ये कायमची परत आले. यावर घरात फार चर्चा झाली नाही, म्हणजे कोणी होऊच दिली नाही.

क्रिकेटवेड्या माणसाला टीव्ही दिसेनासा झाला की काय होतं ते मी त्या हिवाळ्यात पाहिलं. बाबा टीव्हीसमोर बसायचे आणि चिडायचे. ‘‘अरे, बॉल गेला कुठे ते सांगा ना! नुसतं ‘व्हॉट अ शॉट’ काय?’’ टीव्हीचा कॉमेंटेटर धरून चालतो की तुम्हाला दिसतंय. बाबा आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठे झालेले. त्यांना आधी फील्डिंग कुठे लावलीय ते हवं असतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे ते जागेच होते, मीही. सवयीने मी बुल्स लावलं. पाच मिनिटांनी म्हणाले, ‘‘हा माणूस नीट सांगतोय. आता मला खेळ समजाव.’’ मी समजावला. ‘‘स्लिप नाही? मग कट मारला की काय करतात?’’ पुढच्या आठवड्यात विचारलं, ‘‘यात आपलं कोणी नाही?’’ मग मी रिंकू सिंग आणि दिनेश पटेलची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेक करणारे तरुण, २००८ च्या टॅलेंट शोमधून थेट पिट्सबर्गने करारबद्ध केले, आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडात सगळ्यात खालच्या पायरीवर खेळले. बाबांनी टेबलावर थाप मारली.

जूनमध्ये त्यांचा आवडता शॉर्टस्टॉप अचानक टीममध्ये नव्हता. कॉल-अप. मला वाटलं हिरमुसतील. ते म्हणाले, ‘‘गेला? छान झालं.’’ थोडा वेळ नुसता मैदानाचा आवाज. मग, ‘‘पोरांनी जायलाच हवं गं. माझ्यामुळे तू...’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, दोन आउट आहेत. ऐका.’’

ऑगस्टमध्ये तोच पोरगा परत खाली आला. कॉमेंटेटरने ना कीव केली ना कारणं उगाळली. नाव घेतलं, वेलकम बॅक म्हणाला आणि पुढचा बॉल सांगितला. त्या दिवशी बाबाही काही बोलले नाहीत. पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

थांब, बोलू नको

२०२४ च्या जूनमध्ये ऑफिसने दोन आठवड्यांसाठी पुन्हा तिकडे पाठवलं. (जाणार असाल तर एप्रिल ते सप्टेंबर, सोमवार सोडून. रॅली-डरहॅम एअरपोर्टपासून गाडीने मैदान जवळ आहे. नाही जमलं तर बुल्सच्या वेबसाइटवरून घरबसल्या ऐका.) पहिल्याच संध्याकाळी मी मैदानात पोहोचले. उकाडा अगदी मुंबईच्या मेसारखा, चिमणीमागे सूर्य, हातात हॉट डॉग. मी बाबांना फोन लावला आणि चालूच ठेवला. तिकडे टेबलावर स्पीकर सुरू.

आता इंटरनेटची कॉमेंट्री थोडी मागून येते, अर्धा-पाऊण मिनिट तरी. चौथ्या इनिंगमध्ये बॉल बॅटवर असा बसला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. बॉल निळ्या भिंतीवरून गेला, बैलाचे डोळे पेटले, धूर निघाला. फोनमधून तो गलका कोथरूडला पोहोचला, पण कॉमेंटेटरचा आवाज अजून वाटेत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं, ‘‘बाबा, अहो...’’

‘‘थांब, बोलू नको,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याला सांगू दे.’’