मदतीची पोच

तेल्हारा तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, तर एकाच तालुक्यात दोन निराळे मुलूख दिसतात. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, वारी भैरवगडजवळ वान नदीवर बांधलेले हनुमान सागर धरण, त्या अंगाने गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बागायत. दक्षिणेला पूर्णा नदीच्या दिशेने उतरत गेले की खारपाणपट्टा सुरू होतो. तेथील काळी जमीन खोल आणि कसदार. पण तिच्या पोटातील पाणी खारे. ते पिकाला दिले तर जमीन हळूहळू चोपण होते आणि प्यायचे म्हटले तर घशाखाली उतरत नाही. त्यामुळे कापूस, तूर, सोयाबीन, सारे काही आभाळाच्या भरवशावर. ही गोष्ट तेल्हाऱ्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दिल्ली-मुंबईहून निघालेल्या मदतीला मात्र ती ठाऊक असतेच असे नाही. मोटारपंपाचे अनुदान पायथ्याच्या गावात वरदान ठरते. तेच अनुदान खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला दिले, तर त्याच्या दारात लोखंडाचा एक तुकडा वाढतो. अहवालात मात्र दोन्ही ठिकाणी ‘एक लाभार्थी’ अशीच नोंद होते.

मदतकार्यातील उत्तरदायित्वाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. लोक समजतात की मदतीत गडबड म्हणजे पैसा खाल्ला जाणे. तेही घडते आणि त्याला फौजदारी कायदा आहे. परंतु एकही रुपया इकडचा तिकडे न होता, सर्व प्रमाणके जागेवर असताना, लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ असताना मदत वाया जाऊ शकते. या प्रकाराला कोणताही कायदा पकडत नाही, म्हणून तोच अधिक विचार करण्याजोगा आहे.

वऱ्हाडाने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यापूर्वी डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारचे १,०७५ कोटींचे पॅकेज आलेले होते. केंद्राच्या रकमेपैकी ७१२ कोटी थकीत कर्जावरील व्याजमाफीचे. व्याजमाफीची नोंद बँकेच्या पुस्तकात होते. शेतकऱ्याच्या हातात त्यातून रोख काही पडत नाही. तरीही तिला कमी लेखणे चूक ठरेल. थकबाकीदार शिक्का पुसला गेला की खाते नव्या पीककर्जास पात्र होते, आणि पेरणीच्या तोंडावर बँकेचे दार उघडे असणे व सावकाराचे दार ठोठावावे लागणे यांतील अंतर वऱ्हाडातील घराघराला माहीत आहे.

गायींची गोष्ट वेगळी. जोडधंदा म्हणून अर्ध्या अनुदानावर अधिक दूध देणारी जनावरे वाटण्याची योजना त्याच पॅकेजमध्ये होती. कल्पना कागदावर निर्दोष होती: शेती बुडाली तरी दुधाचा पैसा रोज येईल. संकरित गाईला मात्र हिरवा चारा लागतो, मुबलक पाणी लागते, ढेप लागते, आजारपणात वेळेवर डॉक्टर लागतो आणि निघालेले दूध उचलणारी संस्था जवळपास लागते. वऱ्हाडात ज्वारी मागे हटून सोयाबीन पसरले, तसतसा कडबा घटला. उरले ते कुटार. त्यावर गावरान बैल कसाबसा निभावतो, संकरित गाय निभावत नाही. शिवाय निम्मी किंमत शेतकऱ्याने घालायची, म्हणजे बहुधा पुन्हा कर्जच. जनावर दाराशी आले आणि घरातल्या माणसांपेक्षा त्याचाच खर्च जड झाला, अशा विदर्भातील कुटुंबांच्या हकिकती पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच काळात प्रसिद्ध केल्या. ज्याला गाय नको होती त्याला ती मिळाली आणि त्याने ती विकून टाकली, तर त्याला दोष कसा द्यावा?

या सर्वांत माहितीचा अभाव होता असेही म्हणता येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल २००५ चा, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा जानेवारी २००६ चा. दोन्ही पंतप्रधानांच्या दौऱ्याआधीचे. पुढे २००८ मध्ये डॉ. नरेंद्र जाधव यांच्या एकसदस्य समितीने दोन्ही पॅकेजचे मूल्यमापन केले. म्हणजे अभ्यास आधीही झाला, नंतरही झाला. नव्हता तो फक्त एक रकाना. वाटप-तक्त्यात ‘उद्दिष्ट’, ‘साध्य’, ‘टक्केवारी’ असे रकाने असतात. ‘सहा महिन्यांनी गाय कोठे आहे’ असा रकाना नसतो. जो रकाना छापलेला नसतो, तो कोणी भरत नाही, हे कार्यालयात आयुष्य काढलेल्या कोणालाही पटेल.

हिशेब वरच्या दिशेने जातो. ग्रामसेवक तालुक्याला कळवतो, तालुका जिल्ह्याला, जिल्हा मंत्रालयाला, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र निघते. ते प्रमाणपत्र पैसा खर्च झाल्याचे असते, उपयोग झाल्याचे नसते. नाव मात्र ‘उपयोगिता’. खालच्या दिशेने, म्हणजे ज्याच्यासाठी हे सारे चालले त्याच्याकडे, काय जाते? आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी शासनाने एक लाख रुपयांची मदत ठरवली. त्यातील ३० हजार तातडीने आणि ७० हजार मुदत ठेवीत गुंतवायचे. मुलाबाळांच्या नावाने काही शिल्लक राहावी हा त्यामागील विचार शहाणपणाचाच होता. परंतु मदत मिळण्यापूर्वी प्रकरण जिल्हा समितीसमोर जाऊन ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. कर्ज नातलगाचे वा परवाना नसलेल्या सावकाराचे असेल, तर ते कागदावर उभे राहत नाही. अपात्र ठरलेल्या प्रकरणांची संख्या अमरावती विभागात नेहमीच मोठी राहिली आहे. अपात्रतेचे कारण समितीच्या इतिवृत्तात असते. नवरा गमावलेल्या बाईच्या हातात ते लेखी, तिला समजेल अशा मराठीत, पुढे दाद कोठे मागायची या ओळीसह पडते का? हा प्रश्न तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक बाईचा आहे.

कागद लाभार्थीच्या हाती पडणे ही बाब किरकोळ वाटेल. ती किती मोठी आहे हे २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीने दाखवले. या योजनेत सुमारे ५२ हजार कोटी रुपयांची कर्जे माफ झाली वा त्यांत सवलत मिळाली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी आणि त्यावर अंशतः सवलत, ही सीमारेषा कोरडवाहू वऱ्हाडाला अन्यायकारक होती. खारपाणपट्ट्यातले आठ एकर ओलिताखालच्या दोन एकरांची बरोबरी करीत नाहीत. पण तो धोरणाचा भाग झाला. मार्च २०१३ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल संसदेत मांडला गेला. त्यांनी नऊ राज्यांत, बँकेने ज्यांचा विचारच केला नव्हता अशी ९,३३४ खाती तपासली. त्यांतील १,२५७ शेतकरी प्रत्यक्षात पात्र होते. आणखी एक आकडा याहून बोलका आहे. कर्ज माफ झाल्याचे प्रमाणपत्र शेतकऱ्याला देऊन त्याची पोच घेणे बँकांवर बंधनकारक होते. तपासलेल्या ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत अशी पोच किंवा प्रमाणपत्र दिल्याचा दुसरा पुरावाच आढळला नाही. शेकडा चौतीस! रक्कम खात्यावरून वजा झाली असेलही. पण आपण कर्जमुक्त झालो हे त्या शेतकऱ्याला कोणी कळवले, याची खूण कोठेच नाही. दहा रुपयांच्या भरण्यालाही शिक्का मारलेली पावती देण्याची शिस्त ज्या व्यवसायाची, त्याच्या दप्तरातला हा दोष आहे, म्हणून तो अधिक बोचतो.

जगातील मोठ्या मदतसंस्थांनाही हे सहज उमगले नाही. १९९४ मध्ये रवांडातील नरसंहारानंतर निर्वासितांचे लोंढे शेजारच्या झैर देशात गेले. तेथील छावण्यांत कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली. पैसा होता, विमाने होती, संस्थांचीही गर्दी होती. नंतर झालेल्या संयुक्त मूल्यमापनातून कठोर प्रश्न निघाले आणि १९९७ मध्ये ‘स्फिअर’ नावाच्या प्रकल्पाला आरंभ झाला. त्याने किमान मापे ठरवली: माणशी दररोज १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा, वीस माणसांमागे एक शौचालय. मापे ठरल्याचा लाभ असा की आपत्तीत सापडलेला माणूस दयेची याचना न करता ‘१५ लिटर ठरले होते, नऊच का आले?’ असे विचारू शकतो. २०१४ मध्ये आलेल्या मदतकार्याच्या मुख्य मानकाने तर पीडितांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था असणे हेच संस्थेचे कर्तव्य मानले.

महाराष्ट्राने याचा एक नमुना त्याआधीच पाहिला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवण्यात आली; पण लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत तडे गेलेल्या घरांची गावे त्याहून कितीतरी अधिक होती. तेथे घरमालकाने स्वतःच दुरुस्ती करायची, शासनाने अर्थसाह्य व तांत्रिक साह्य द्यायचे असे ठरले. या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. कोणाला किती रक्कम देय आहे, पुढचा हप्ता कशावर अडला आहे, अभियंता आला की नाही, हे त्या बाया घरोघर सांगत आणि गावाचे म्हणणे कार्यालयापर्यंत नेत. हिशेब खालच्या दिशेने नेणारी अशी यंत्रणा शेतकऱ्यांच्या मदतीसाठी वऱ्हाडात उभी राहिली असती, तर गाय दाराशी येण्यापूर्वीच ‘चारा कोठून आणू?’ हा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला असता. किल्लारीचीच दुसरी आठवण भारतीय जैन संघटनेची. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुले पुण्यास आणली गेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली गेली. वह्या-दप्तरे वाटून छायाचित्र काढून परत येणे त्या मानाने फारच सोपे होते.

धर्मादाय न्यासांचे विश्वस्त हे सारे वाचून म्हणतील की हिशेब तर दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. जातात, आणि ते जायलाच हवेत. आता तर देणगी देणाऱ्याला आयकरासाठी ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र मिळते. देणगीची नोंद थेट आयकर विभागाकडे होते. दात्याची पोच इतकी चोख झाली असताना घेणाऱ्याची पोच अजून शिलाई मशीनसह काढलेल्या छायाचित्रावरच थांबलेली आहे. तेल्हाऱ्यासारख्या गावातील लहान न्यासाला महागडे मूल्यमापन परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. एक साधी वही पुरेल. मशीन कोणाला दिले, त्या बाईने स्वतः काय मागितले होते, कोणाचा अर्ज कोणत्या कारणाने नाकारला, सहा महिन्यांनी जाऊन पाहिले तेव्हा मशीन चालू होते, बंद होते की गहाण पडले होते. शेवटची नोंद लाजिरवाणी निघाली तरी ती वार्षिक सभेत वाचली जावी. पुढील वर्षी मशीनऐवजी काय द्यावे हे त्याच नोंदीतून कळते.

शासनानेही थोडी वाट चालली आहे. राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफीत याद्यांच्या चावडी वाचनाचा मार्ग योजला गेला. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत याद्या गावातच लागल्या आणि रक्कम मान्य आहे की नाही हे शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी सांगायचे होते. अमान्य असेल तर तक्रार जिल्हा समितीकडे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातील कलम १७ ने ग्रामसभेला कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला. चावडीवर मोठ्याने वाचलेल्या यादीत खोटे नाव टिकणे कठीण. कोण गावात राहतो आणि कोणाची जमीन किती, हे पारावर बसलेल्यांना तलाठ्याइतकेच माहीत असते.

एवढेच पाहायचे की यादी कोणत्या वेळी वाचली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी अकराला ग्रामसभा बोलावली, तर ज्या बायांची नावे त्या यादीत असायला हवीत, त्या त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेलेल्या असतात. दिवसाची मजुरी बुडवून त्या येणार नाहीत. त्या सायंकाळी परततात, चूल पेटवतात, आणि साडेसातच्या सुमारास थोड्या मोकळ्या होतात.