छतांतील दिवे

दिवा लावणें ही एक गोष्ट आणि दिवा बदलणें ही दुसरी. पहिलींत हौस असते. दुसरींत आपल्या दूरदृष्टीची परीक्षा होते, हें आम्हांस कळंब येथील आमच्या राहत्या घरानें शिकविलें.

या घराच्या बैठकींत पूर्वीच्या मालकांनीं पीओपीचें छत करवून त्यांत सहा एलईडी दिवे बसविले होते. दिसावयास ते मोठे सुबक. परंतु गेल्या पावसाळ्यांत त्यांपैकीं दोन विझले, आणि आमच्या वृद्ध मातोश्री सायंकाळीं जेथें वाचावयास बसतात, नेमका तोच कोपरा अंधारला. त्यांची दृष्टि मंद, आणि वाचन हाच त्यांचा विरंगुळा. तेव्हां गोष्ट शोभेची न राहतां निकडीची झाली.

साधा बल्ब गेला तर मुलाच्या हातीं पैसे देऊन त्यास जवळच्या दुकानांत पाठविलें कीं काम झालें. २२ मिलिमीटर व्यासाची टोपी व तिला दोन खुंट, हें माप घरोघरीं एकच. म्हणूनच २०१५ सालीं निघालेल्या उजाला योजनेचे कोट्यवधि एलईडी बल्ब जुन्याच होल्डरांत बिनतक्रार बसले. छतांतील दिव्यास असें सर्वमान्य आसन नाहीं. कोणाचें भोंक चार इंचांचें, कोणाचें सहा इंचांचें. लहान दिवा आणावा तर भोंकाची कड उघडी पडते. मोठा आणावा तर छत कापावें लागतें. शिवाय ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यांशेजारीं ६५०० केल्विनचा पांढरा दिवा लावला, तर एकाच खोलींत दोन प्रकारचा उजेड पडतो.

वायरमन आला. त्यानें मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करविला. कारण मेन बंद असतांही इन्व्हर्टरची वीज त्याच तारांत येऊं शकते. दिवा खालीं ओढतांना स्प्रिंगेनें पीओपीचा एक टवका उडविला. पाहतों तों दिवा शाबूत! बिघाड होता तो ड्रायव्हरांत, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेचें दिव्यास मानवेल अशा स्थिर प्रवाहांत रूपांतर करणाऱ्या लहानशा पेटींत. बंद छतांतील उष्णतेनें तिचें आयुष्य घटतें. दोन्ही दिव्यांची हीच गत होती. तेवढ्याच मिलिअॅम्पियरचे ड्रायव्हर गांवांत न मिळाल्यामुळें यवतमाळहून आणविले, तेव्हां कोठें मातोश्रींचें पुस्तक पुन्हां उघडलें. आतां भोंकाचें माप, वॉट, केल्विन व मिलिअॅम्पियर हे चार आंकडे आमच्या रोजनिशींत नोंदलेले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. परंतु ज्यांनीं टोपीचें माप एकच राखिलें, त्यांचें स्मरण कोणी करीत नाहीं. तुमच्यांतील कोणी उद्यां घर बांधील, कोणी यंत्र घडवील. कोणतीही वस्तु बसवितांना, ती एके दिवशीं काढावी लागेल आणि काढणारा हात दुसऱ्याचा असेल, एवढें ध्यानांत ठेवा.