भिंतीतला तिसरा माणूस

डिस्टोपियाच्या कादंबऱ्यांतली घरं मी आधी बघते, माणसं नंतर. येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘वुई’मध्ये घरांच्या भिंती काचेच्या आहेत. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. पडदा ओढून घ्यायचा तर गुलाबी चिठ्ठी लागते, आणि तीही ठरलेल्या वेळेपुरती. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये भिंतीवरचा पडदाच माणसाकडे टक लावून बघत असतो. कॉलेजात हे वाचताना मैत्रिणी शहारायच्या. मला फारसं नवल वाटलं नाही. मी पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढले होते.

वाड्याच्या भिंती जाडजूड होत्या, पण त्यांचा आडोसा म्हणून काही उपयोग नव्हता. नळ एक, संडासांची रांग एक, चौक एक. पाहुणा दिंडीतून वाकून आत येईपर्यंत तो कोणाकडचा, कशासाठी आलाय आणि जेवूनच जाणार का, हे माडीवर पोचलेलं असे. कुणाकडे मनिऑर्डर आली, कुणाच्या मुलीला पुन्हा नकार आला, कुणाच्या घरी भांडणानंतर चूल उशिरा पेटली, सगळ्याची नोंद होई. ती ठेवणाऱ्या काकूंना सरकार पगार देत नव्हतं. गव्हातले खडे निवडता निवडता त्या हे काम करायच्या. ‘चार लोक काय म्हणतील’ यातले चारही लोक मला नावानिशी माहीत होते.

त्याच चार लोकांनी, आजोबांना रात्री छातीत कळ आली तेव्हा, त्यांना खुर्चीत बसवून अंधाऱ्या उभ्या जिन्यावरून खाली आणलं. काकूंनीच सर्वांत आधी ओळखलं होतं, कारण त्यांचा कान आमच्याच भिंतीला होता. आजोबा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि काकूंच्या भोचकपणाबद्दल कुरकुरतच जगले.

आता तिथे सोसायटी आहे. लिफ्ट आहे, मजल्यामजल्यावर कॅमेरे आहेत, फाटकाशी नाव लिहायची वही आहे आणि कुणी कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर त्याचा फोटो ग्रूपवर येतो. समोरच्या दारामागे कोण राहतं ते मात्र मला आडनावापलीकडे माहीत नाही. पाळत राहिली, सोबत गेली. हा हिशेब काचेच्या घरांच्या कादंबऱ्यांत बसत नाही. तिथे समूह म्हणजे यंत्र, आणि त्याच्या दात्यांत सापडलेला एकटा माणूस म्हणजे नायक. क्रांत्या, छळछावण्या आणि पक्षाच्या फायली बघितलेल्या युरोपात असं लिहिलं जाणं साहजिकच होतं. पण आयन रँडच्या ‘अँथम’पर्यंत (१९३८) येताना माझा धीर सुटतो. तिचा नायक समूहाचं जोखड झुगारून डोंगरात जातो, तिथे त्याला जुन्या काळातलं एक घर सापडतं आणि त्यात बसून तो स्वतःच्या ‘मी’ची थोरवी गातो. घर आयतं मिळालंय, महाराज! कुणीतरी विटा वाहिल्या असतील की.

उलट बाजू मराठीत नंदा खरे यांनी दाखवली. त्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीत पाळत आहे, कंपन्यांची सत्ता आहे, मुलींची घटलेली संख्या आहे. पण तो भयाण उद्या ऑर्वेलच्या ‘बिग ब्रदर’सारख्या कुणा एका मोठ्या भावाच्या डोळ्यांतून येत नाही. आज जे चाललंय ते तसंच चालू दिलं की तो आपोआप येतो. या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला, कारण पुरस्कार घ्यायचे नाहीत असं त्यांनी काही वर्षं आधीच ठरवलं होतं.

तरी आपल्याकडची सर्वांत भेदक डिस्टोपिया भविष्यात घडत नाही, असं माझं मत आहे. ती पेशवाईत घडते, आणि तिचं नाव ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. घाशीराम सावळादास हा इतिहासातला माणूस; १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये, त्याच्या कैदेत कोंडलेले वीसेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर, त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आलं. तेंडुलकर इतिहास लिहीत नव्हते. ते या गावाची यंत्रणा उघडून दाखवत होते. नाटकातला कोतवाल रात्री अकरानंतर बाहेर पडायला परवाना मागतो, आणि हळूहळू परवान्याशिवाय जगायची सोयच उरत नाही. झाम्यातिनची गुलाबी चिठ्ठी ती हीच.

पण नाटकाचा खरा धसका कोतवालाचा नाही, भिंतीचा आहे. रंगमंचावर बारा ब्राह्मण ओळीने उभे राहतात, डोलतात, गातात. त्यांची भिंत होते. भिंत पाठ फिरवते तेव्हा मागे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचं काय चाललंय ते झाकलं जातं. भिंत फुटते तेव्हा तिच्यातले लोक बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, जातात आणि विचारलं तर कीर्तनाला गेलो होतो म्हणतात. बाहेरून आलेल्या घाशीरामला चोर ठरवून बडवते ती हीच भिंत, त्याच्या जुलमाखाली चिरडली जाते तीही हीच आणि शेवटी त्याच्यावर दगड घेऊन धावतेही हीच. पुढे उत्सव चालू राहतो. या नाटकात व्यक्ती म्हणावी असा घाशीरामच आहे, आणि तो राक्षस होतो. अपमान झालेला एकटा माणूस आपोआप स्वातंत्र्याचा सैनिक होत नाही, हे ऑर्वेलच्या वाचकालाही इथे नव्याने शिकावं लागतं.

मी प्रयोग पाहिला तेव्हा नानांवर नजर ठेवणं जड गेलं. भिंतीत डावीकडून तिसऱ्या जागी उभा असलेला नट मला दिसत राहिला. तो इतरांसारखाच डोलत होता, इतरांइतकाच गात होता. त्याला वेगळं वाक्य नव्हतं. त्याला काय वाटत असेल?

या नटांनी पुढे काय केलं ती गोष्ट मला नाटकाइतकीच महत्त्वाची वाटते. नाटक बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. संस्थेचा निर्णय झाला, विषय संपला, असं म्हणून घरी जाता आलं असतं. मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली. १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं आणि पुढे परदेशातही गेलं. भिंत होऊन दाखवणारी माणसं एका समूहाला नाही म्हणाली, आणि ते नाही टिकवायला त्यांना दुसरा समूह बांधावा लागला. सभा, वर्गणी, तालमीच्या वेळा, रुसवेफुगवे, सगळं आलंच. ऑर्वेलच्या नायकाकडे, विन्स्टन स्मिथकडे, फक्त एक डायरी होती.

शनिवार पेठेत एकटा माणूस आणि समूह यांचा हा विचार कागदावर राहत नाही. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचं कार्यालय या पेठेत आहे. त्याचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. समाजसुधारक आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारं हेच शहर. सव्वाशे वर्षांत हत्यार तेवढं बदललं. कादंबरीत ही गोष्ट इथे संपते. एकटा बोलतो, एकट्याला मारतात, शेवटचं पान.

पण दाभोलकर एकटे नव्हते, आणि तसं राहायचं नाही हे त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करतानाच ठरवलं असावं. त्या संस्थेत मतभेदाला जागा होती, शिबिरं होती, गावोगावच्या शाखा होत्या. खुनानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला. कार्यकर्ते पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. गाणी म्हणत, घोषणा देत, एका सुरात. लांबून बघणाऱ्याला तीही एक भिंतच वाटली असती. फरक असा की या भिंतीतला तिसरा माणूस कधीही बाहेर पडू शकत होता, आणि तरी पुढच्या महिन्यात पुन्हा येत होता. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं.

म्हणून मराठीत नवी डिस्टोपिया लिहायला बसलेल्या तरुण लेखकांना माझं एकच सांगणं आहे. कोतवाल रंगवू नका, तो तेंडुलकरांनी रंगवून झालाय. डोंगरावरचा एकांडा नायकही नको. भिंतीतला तिसरा माणूस घ्या, आणि दुसऱ्या व चौथ्या माणसाशी तो दबक्या आवाजात काय बोलतो तिथून लिहायला लागा.