डावं मागचं चाक

दर वेळी सुट्टी संपली की मी बेळगावहून रेल्वेने बेंगळुरूला येतो. या वर्षी तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "गाडीनंच सोडतो तुला." गडहिंग्लज ते बेंगळुरू साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. पण पप्पांना त्याचं काही वाटत नाही. ते सैन्यात एएससीमध्ये ड्रायव्हर होते. (आर्मी सर्व्हिस कोअर. कॅडेटांना सांगायला नको, पण हे पान आमच्या आयाही वाचतात.) त्यांचं ट्रेनिंग याच शहरात, एएससी सेंटरमध्ये झालं. त्यामुळे बेंगळुरू हे माझ्याआधी त्यांचं गाव.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या तीन परेड चुकत नाहीत. निघण्याआधी हवा, पाणी, ऑइल बघायचं ती फर्स्ट परेड. वाटेत थांबलं की चहाआधी चारी चाकांभोवती फिरून टायरला हात लावून बघायचा ती हॉल्ट परेड. आणि पोहोचल्यावर लास्ट परेड. आई म्हणते, "एवढं तर माझ्या तब्येतीकडं पण बघत नाहीत."

पहाटे तीनला निघालो. संकेश्वरला हायवे लागला आणि मी झोपलो, तो थेट धारवाडला जागा झालो. हावेरीला आणि चित्रदुर्गला हॉल्ट परेड झाली, सगळं ठीक होतं. पण तुमकूरच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता, तिथे दीड तास गेला. नेलमंगला ओलांडलं तेव्हा पावणेतीन वाजले होते. रिपोर्टिंग चार वाजेपर्यंत. त्या आठवड्यात आमच्या हाऊसच्या अपॉइंटमेंट जाहीर होणार होत्या आणि माझं नाव चर्चेत आहे असं मला मित्राने फोनवर सांगितलं होतं. उशिरा आलेल्या कॅडेटला अपॉइंटमेंट कोण देणार, हे एकच डोक्यात होतं.

पीन्याचा उड्डाणपूल लागायच्या थोडं आधी पप्पांनी वेग कमी केला. म्हणाले, "मागून गाडी डोलतीया. डाव्या बाजूला बघ की जरा."

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. मागचं चाक दिसलं. टायर खाली दबून बाहेरच्या बाजूला फुगला होता. नीट दिसलं मला. पुलाच्या आधी कडेला जागा होती. थांबलो असतो तर चाक बदलायला पंधरा मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "हवा थोडी कमी वाटतीय. चालतंय की, शाळेपर्यंत जाईल."

पप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी पुलावर घेतली.

तो पूल सुमारे चार किलोमीटरचा आहे आणि एकदा चढलं की मध्ये थांबायला जागा नाही. मागे बस, बाजूला ट्रक. अर्ध्यात गेल्यावर चाकाचा थप-थप आवाज यायला लागला, मग रबर जळाल्याचा वास. पप्पा इंडिकेटर लावून वीसच्या वेगाने चालवत राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. गोरगुंटेपाळ्याला खाली उतरून बाजूला घेतली, तेव्हा टायर रिमवर नुसता चादरीसारखा लोंबत होता.

पप्पांनी बारा मिनिटांत स्टेपनी लावली. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. हे मी लायब्ररीत वाचलंय. त्या दिवशी मात्र सांगायची हिंमत झाली नाही.) मग जवळच एक पंक्चरवाले अण्णा सापडले. पप्पा त्यांच्याशी ट्रेनिंगच्या काळातल्या मोडक्या कन्नडमध्ये बोलले. अण्णांनी साबणाचं पाणी मारलं, आणि टायरच्या बरोबर मधोमध, जमिनीला टेकतो त्या जाड भागात, एक इंचभर खिळा निघाला.

बेंगळुरूत ही गोष्ट नवी नाही. आउटर रिंग रोडवर बेनेडिक्ट जेबाकुमार नावाचे एक इंजिनिअर काठीला लोहचुंबक लावून रोज खिळे गोळा करायचे आणि ते किलोंनी भरले, अशा बातम्या २०१४ च्या सुमारास आल्या होत्या. तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चूक खिळ्याची आहे. शंभर रुपयांचं काम.

अण्णांनी टायर रिमवरून उतरवला आणि आत हात घालून बाहेर काढला. तळहातावर काळा चुरा होता, कांदा किसल्यासारखा बारीक. मग त्यांनी टायरची बाजूची भिंत आतून दाखवली. गोल फिरत गेलेली एक सुरकुती पडली होती आणि तिथलं रबर खरवडून आतले धागे दिसत होते.

पप्पांनी मला जवळ बोलावलं. जमिनीला लागतो त्या भागातलं भोक सहा मिलीमीटरपर्यंत असेल तर आतून मशरूम लावून टायर व्यवस्थित चालतो. पण गाडीचं सगळं वजन सांभाळत बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते. तिचे धागे तुटले की वरून कितीही ठिगळं लावली तरी तापल्यावर ती एकदम फुटते. "हे खिळ्यानं झालेलं न्हाई," पप्पा म्हणाले. "हे हवा नसताना पळवल्यानं झालंय."

मग त्यांनी विचारलं, "तुला दिसलं हुतं न्हवं?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

अण्णांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आतून मोठा पॅच मारून ट्यूब टाकायची, सहाशे रुपये, अर्ध्या तासात तयार. दुसरी, नवीन टायर. १४५/८० आर १३, तीन हजार तीनशेपासून पुढे, आणि त्यासाठी यशवंतपूरला जावं लागणार. तिसरी वाट मीच सुचवली. स्टेपनीवरच परत जाता येणार नाही का? पप्पांनी स्टेपनीच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, १११३. म्हणजे २०१३ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कोरी करकरीत, पण कडेला केसासारख्या बारीक भेगा. "ह्यो गावात फिरायला. रात्रीच्या हायवेला न्हाई."

मग ते म्हणाले, "तूच सांग, काय करायचं?"

खरं सांगतो, माझ्या तोंडावर "ट्यूब टाकू" हेच आलं होतं. वेळ वाचला असता, हे एक. दुसरं, काम सहाशेत भागलं असतं तर माझी चूकही सहाशेचीच राहिली असती. त्याच आठवड्यात पप्पांनी माझा बूट आणि ब्लेझरचा खर्च पेन्शनमधून काढला होता, हे मला माहीत होतं. पण त्या रात्री तीच गाडी घेऊन ते एकटे साडेपाचशे किलोमीटर परत जाणार होते. ट्यूबवाला टायर मागे लावून. मी शाळेत झोपलेला असणार होतो.

मी म्हणालो, "नवीन घेऊ."

पप्पा म्हणाले, "मग तू रिक्षानं जा. चारला पोचशील. मी बघतो."

मी गेलो नाही. यशवंतपूरच्या दुकानात बसवून, बॅलन्सिंग करून पाच वाजले. दुकानदार म्हणाला, मागचे दोन्ही बदला. पप्पा म्हणाले, खरंय, टायर जोडीनंच बदलावेत, पण आज एकच. दुसऱ्या बाजूच्या टायरच्या खाचेतल्या खुणेच्या पट्ट्या अजून बऱ्याच खोल होत्या, त्या त्यांनी मला बोट लावून दाखवल्या. नव्या टायरचे चार आकडे मात्र मला वाचायला लावले. दोन महिन्यांपूर्वीचा निघाला, तेव्हा पैसे दिले.

गेटवर पोहोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. रजिस्टरमध्ये उशिराच्या कारणाच्या रकान्यात ड्यूटीवरच्या हवालदारांनी 'टायर पंक्चर' लिहिलं. मी सही केली. पप्पांनी माझी ट्रंक उतरवली, गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायरना हात लावला आणि निघाले.

मला तीन दिवस एक्स्ट्रा ड्रिल झाली. अपॉइंटमेंट दुसऱ्याला मिळाली. चांगला मुलगा आहे तो, उशिरा आलो नसतो तरी कदाचित त्यालाच मिळाली असती.

रविवारी फोनची वेळ झाली. पप्पा सकाळी साडेसातला घरी पोहोचले होते. वाटेत पाच वेळा थांबले म्हणाले. जुना टायर त्यांनी डिकीतून घरी नेला होता, आता त्यात आईने कोथिंबीर लावलीय. मी विचारलं, खिळ्याचं काय केलं? ते म्हणाले, "तुझ्या ट्रंकेत वरच्या कप्प्यात हाय, बघितला न्हाईस हुय?"

मी जाऊन बघितलं. कागदात गुंडाळलेला होता.