आवाज विकत घेताना

जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर एका दिवसात जात नाही. आधी आवाज थोडा घोगरा होतो आणि मालकाला ते बरंच वाटतं; गाडीला वजन आलं असं तो दोन-चार जणांना सांगतोही. मग कधीतरी उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके वाजू लागतात. सैल सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळता आलेलं पेट्रोल नळीतच पेट घेतं. त्यानंतर मात्र खाली वाकून बघावं लागतं. वाकून बघितलं की खर्च आलाच.

माझी एमजीबी 1971 सालची. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठी ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात 1962 पासून ही गाडी बनत होती, ती थेट 1980 मध्ये कारखान्याला टाळं लागेपर्यंत. पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. फार काय, मूळ साच्यांवर काढलेला अख्खा नवा सांगाडासुद्धा 1988 पासून मिळतो. एक्झॉस्ट तर इतक्या तऱ्हांचे मिळतात, की लग्नाच्या साड्या परवडल्या.

सायलेन्सर गंजतो तो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ होऊन मागून निघून जाते. पण जुन्या गाड्यांचे प्रवास लांबचे नसतातच. रविवारी ऊन पडलं की पबपर्यंत जायचं आणि परत यायचं. नळ्या पुरत्या तापायच्या आत इंजिन बंद. मग ते पाणी धुरातली आम्लं घेऊन मागच्या डब्याच्या तळाशी बसून राहतं. इंजिनापासून सर्वांत लांब आणि म्हणून सर्वांत थंड असलेला हा डबा बहुधा पहिला फुटतो. म्हणजे रोज राबवलेली गाडी टिकते आणि जपून ठेवलेली सडते. बाहेरून इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतंच मदतीला.

पर्याय ढोबळमानाने तीन. साधं पोलाद, ॲल्युमिनियमचा थर दिलेलं पोलाद आणि स्टेनलेस. स्टेनलेसमध्येही 409 आणि 304 असे प्रकार. पहिल्यावर गंजाचे डाग पडतात, पण आरपार जायला वेळ लागतो. 304 म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या प्रतीच्या भांड्यांचं पोलाद. पाश्चात्त्य देशांतले एमजीवाले या नळीच्या आवाजाबद्दल तक्रार करतात, ती मला लगेच समजली. माझ्या लहानपणी घरातली पितळेची पातेली जाऊन स्टीलची आली. पितळेचा तांब्या मोरीत पडला तर घुमायचा. स्टीलचा पडला की शेजारी विचारायचे, काय झालं? स्टेनलेस एक्झॉस्टमध्येही तसाच एक किणकिणाट येतो, विशेषतः पत्रा पातळ असेल तर.

अर्थात सगळा दोष धातूवर ढकलून चालत नाही. डब्याच्या पोटात काय आहे यावर जास्त अवलंबून असतं. काहींत आडव्या भिंती आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांत आपटून एकमेकींना मारतात. काहींत भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचलोकर. ती वरचे सूर शोषून घेते आणि खालचे जाऊ देते. ही लोकर काही वर्षांनी जळत-उडत जाते, म्हणून विकत घेतलेला आवाज तोच राहत नाही. मला ही गोष्ट फार आवडते, पण कॅटलॉगमध्ये ती कोणी छापत नाही.

एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनाची गंमत मुळात वर आहे. चार सिलिंडर, पण धूर बाहेर पडायची दारं तीनच. मधल्या दोघांत एक सामाईक. ऐकायला गैरसोय वाटते. पण ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असल्यामुळे दुसरा आणि तिसरा सिलिंडर बरोबर एका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने धूर सोडतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर नळीत सेकंदाला शंभर धक्के येतात. त्यांची जी गुरगुर होते तिच्यासाठी माणसं या गाडीवर जीव टाकतात. 1989 मध्ये माझदाने एमएक्स-5 आणली, तेव्हा जपानी इंजिनिअरांनी इंग्रजी रोडस्टरच्या धर्तीवर आवाज मुद्दाम घडवला होता.

जाड नळ्या विकणारे लोक म्हणतात, इंजिनाला मोकळा श्वास द्या. त्यांच्या विरोधातले म्हणतात, इंजिनाला थोडा दाब लागतोच. दोघंही अर्धवट बोलतात. इंजिनाला दाब नको असतो. त्याला धुराचा वेग टिकायला हवा असतो. नळी नको तितकी रुंद केली की तो वेग पडतो आणि गावातल्या चालीला गाडी मठ्ठ होते. शिवाय इंजिन जास्त हवा ओढू लागलं तर पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, आणि दोन्ही एसयू कार्बुरेटरांच्या सुया बदलायची वेळ येते. पंचाण्णव अश्वशक्तीच्या गाडीसाठी एवढा उपद्व्याप मला तरी मंजूर नाही. महाराष्ट्रात पोलीस बुलेटचे कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवतात, त्याचे व्हिडिओ भाऊ मला आवर्जून पाठवतो. इथे रोलर नाही, पण आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सरमध्ये फेरफार करणं कायद्याने चालत नाही, गाडी कितीही जुनी असो.

शेजारचे निवृत्त गृहस्थ स्टेनलेसवाले. विक्रेत्याने त्यांना आजीवन हमी दिली आहे. जीवन कोणाचं, असं विचारलं तर हसले; पहिलं गिऱ्हाईक गाडी ठेवील तोवर, एवढाच त्याचा अर्थ. वयाची ऐंशी जवळ आल्यावर हा सौदा तोट्याचा नाही म्हणाले. माझा त्यांच्याशी वाद एकाच मुद्द्यावर होतो. त्यांना गाडीचा ‘मूळ’ आवाज आठवतो असं ते सांगतात. पण कारखान्यातून आलेला साध्या पोलादाचा सायलेन्सर मीठ खाऊन काही हिवाळ्यांतच जायचा. मग जवळच्या गॅरेजात जो मिळेल तो लागायचा. त्यांना आठवतो तो आवाज बहुतेक त्या गॅरेजवाल्याने निवडलेला असणार.

मी साध्या पोलादाचा, दोन डब्यांचा, मूळ जाडीचा मागवला. सात-आठ वर्षांत जाईल, जाऊ दे. आवाज जड आहे आणि पैसेही निम्म्याच्या आसपास लागतात. सोबत नवे गॅस्केट, रबरी टांगणी आणि मॅनिफोल्डच्या खुंट्यांसाठी पितळेचे सहा नट. ते पितळेचेच हवेत. लोखंडी नट गरमीने खुंटीला असे धरतात की पुढच्या वेळी खुंटीच तुटून हातात येते. आतल्या बाजूच्या नटाला पाना लागत नाही, बोटांनीच चाचपत फिरवावा लागतो. वर्षानुवर्षं ही गाडी बनवणाऱ्या लोकांना तो नट दिसला नसेल असं मला वाटत नाही.

बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवायचे, नळी रबरावर लोंबकळू द्यायची, इंजिन चालू करून ती कुठे आपटते ते बघायचं आणि मग पुढून मागे आवळत जायचं. पहिल्या अर्ध्या तासात नळीवरचा काळा रंग आणि तेल जळून असा वास सुटतो की आमच्या घरातल्या खिडक्या धडाधड बंद होतात.