माझे जॉब कार्ड

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेचा निकाल हाती पडला तेव्हा बाबांनी मला एवढेच विचारले, “रोज किती वेळ अभ्यास करतोस?” मी तत्काळ म्हणालो, “चार तास.” हे सांगताना आपण खोटे बोलत आहो असे मला मुळीच वाटले नाही. सायंकाळी सातला पुस्तक उघडणे आणि रात्री अकराला ते मिटणे यांत चार तासांचे अंतर होते, ही गोष्ट खरीच होती. परंतु त्या चार तासांत काय काय घडे, याचा जमाखर्च कोणी ठेवला होता?

बाबा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतात. तेथे प्रत्येक कामाबरोबर एक जॉब कार्ड फिरते. काम कोणते, हाती केव्हा घेतले, हातावेगळे केव्हा झाले, हे सारे त्यावर लिहावे लागते. आपल्या अभ्यासाचेही असेच एक कार्ड असावे, असे माझ्या मनाने घेतले. मोबाईलवर अशी तयार साधने पुष्कळ मिळतात. पण मोबाईल हाती घेणे हेच ज्याच्या वेळेला पडलेले मोठे भोक, त्याने त्याच मोबाईलकडे बूच मागावे काय?

घरात थोरल्या भावाचा एक जुना संगणक होता. त्यावर लिनक्स चालते, आणि पायथन भाषेची तोंडओळख मला झालेली होती. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या खिडकीत एक शब्द टंकावयाचा आणि यंत्राने एका ओळीत उत्तर द्यावयाचे, असे कमांड लाइनवरचे साधन मी करावयास घेतले. आज्ञा तीनच ठेवल्या: ‘सुरू’, ‘थांब’ आणि ‘हिशेब’. काळ्या खिडकीला मराठीचा सराव नसावा. ‘हिशेब’मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढून बसते. तरी शब्द मराठीच राहू दिले.

पहिली फजिती लवकरच झाली. मी नोंदीत केवळ तास आणि मिनिटे ठेवीत होतो. एकदा रात्री २३:४० ला गणिते सोडवावयास बसलो आणि ००:२५ ला उठलो. यंत्राने दुसऱ्यातून पहिले वजा करून सांगितले की, मी उणे २३ तास १५ मिनिटे अभ्यास केला! मग कळले की, संगणकाची स्वतःची कालगणना निराळीच आहे. ग्रिनिच प्रमाणवेळेप्रमाणे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र झाली, त्या क्षणापासून तो सेकंद मोजीत आला आहे. (बेळगावात त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजले होते.) ही संख्या वाढत जाते, तिला मध्यरात्र ठाऊक नाही, म्हणून मध्यरात्र ओलांडली तरी वजाबाकी चुकत नाही. मी फाइलीत तीच लिहू लागलो.

दुसरी अडचण माझ्या स्वभावातली होती. ‘थांब’ म्हणावयाचे विसरून मी झोपी गेलो, आणि सकाळी ८ तास ५० मिनिटांचा अखंड अभ्यास खात्यावर जमा झालेला दिसला. ‘पूस’ अशी एक आज्ञा करावी असे वाटले. सहज बाबांना विचारले, “कार्डावर चूक झाली तर तुम्ही काय करता?”

“खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची.”

त्यावरून चौथी आज्ञा झाली, ‘दुरुस्ती’. ती जुन्या ओळीला हात लावीत नाही. शेवटी एक नवी ओळ जोडते, आणि ‘हिशेब’ त्या नव्या ओळीला मान देतो.

आठवडा संपला. रोजची सरासरी निघाली १ तास ३८ मिनिटे. कोठे चार तास आणि कोठे हे! रविवारी बाबांना हिशेब दाखवावयाचा होता. शनिवारी रात्री मी ‘दुरुस्ती’ टंकले आणि गुरुवारची ७:१४ ते ७:५५ ही नोंद ७:०० ते ९:०० अशी केली. त्या दिवशी इतिहास बराच वाचला होता, ‘थांब’ चुकून आधी म्हटले गेले असेल, अशी मी माझी समजूत घातली.

बाबांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचीत खाली आले. गुरुवारपाशी बोट थांबले.

“हे खरं नव्हे.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

“बरोबर सात ते बरोबर नऊ. मशीनवर असलं काम कधी होत नाही, बघ.”

यापलीकडे ते त्याविषयी बोलले नाहीत. बोट शुक्रवारवर गेले. तेथे ७:०९ ते ७:५२ आणि ८:०६ ते ८:३१ अशा दोन नोंदी होत्या. “या मधल्या चौदा मिनिटांत काय केलंस?” मी सांगितले, वही सापडत नव्हती, मग पेन्सिलीला टोक केले, पाणी प्यालो. “ते सेटिंग. तेही लिहीत जा.” चकमध्ये काम बांधणे, हत्यार जुळविणे यांत कधी कधी प्रत्यक्ष कापण्याइतकाच वेळ जातो, आणि नवशिक्या तो मोजीतच नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले. पाचवी आज्ञा ‘सेटिंग’ ही अशी आली.

रात्री सारे निजल्यावर मी फाइल उघडली. ती साधी आहे. हवी ती ओळ पुसून टाकावयास अर्धा क्षणही लागत नाही. मी ती तशीच मिटली, काळ्या खिडकीत ‘दुरुस्ती’ टंकले आणि गुरुवारची खरी वेळ पुन्हा घातली. ती खोटी ओळ अद्याप फाइलीत आहे. तिच्याखाली ही दुसरी. आता त्या दिवसाचा हिशेब मागितला की यंत्र सांगते, ४१ मिनिटे.