वजन किती?

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "पेशंटचं वजन किती?" आणि आम्ही तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

अम्मीच्या कमरेचं दुखणं वाढलं होतं. डाव्या पायाला मुंग्या यायच्या. तासगावच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिला, म्हणून शाळेतून रजा काढून आम्ही तिला मिरजेला घेऊन आलो होतो. फाइल मात्र तयार होती. त्यात पाच वर्षांपूर्वीचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद होता आणि त्यावर वजन लिहिलेलं होतं, ६८ किलो. आम्ही तेच सांगितलं. मुलाने तेच लिहून घेतलं.

थोड्या वेळाने टेक्निशियन बाहेर आला. त्याने फॉर्म पाहिला, अम्मीला खुर्चीवरून उठताना पाहिलं आणि पुन्हा फॉर्म पाहिला. "आजी, जरा काट्यावर उभ्या राहता का?"

काट्याने ५१ दाखवले.

सतरा किलो. अम्मी आमच्या डोळ्यांसमोर होती. रोज सकाळी शाळेत जाताना सलाम करायचा, संध्याकाळी तिच्या हातचा चहा प्यायचा. अब्बांच्या इंतिकालानंतर तिची खिदमत करतो, असा आमचा मनातल्या मनात थोडा गर्वही होता. घरात सैल कुर्ता, बाहेर बुरखा. आत माणूस किती उरलं आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. सलवारची नाडी तिने किती वेळा आवळून बांधली असेल, तीच जाणे.

आम्हाला वाटलं, वजन फक्त रजिस्टरला हवं असेल. टेक्निशियन म्हणाला, "मशीनला हवंय. त्यावरून शरीर किती तापेल त्याचा अंदाज काढतं ते." भाऊ दचकला. "तापेल म्हणजे?" नंबर लागायला वेळ होता, त्यामुळे त्याने सांगितलं. बाकीचं आम्ही नंतर वाचलं. ते इथे लिहितो, कारण आपल्या घरांतून एमआरआयला जाणारे पुष्कळ असतात आणि हे आधी कुणी सांगत नाही.

एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण नसतात. मोठं लोहचुंबक असतं आणि रेडिओच्या लहरी असतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे. त्याच्या कणांना या लहरींनी हलवायचं आणि ते परत जागेवर येताना जो संकेत देतात त्यावरून चित्र काढायचं, असं ते काम. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये या लहरी साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यापेक्षा थोड्या खालच्या. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये त्याच्या दुप्पट. या लहरींतली काही शक्ती शरीरात जिरते आणि तिची उष्णता होते. ही उष्णता मोजायला आत थर्मामीटर घालता येत नाही. मग मशीन हिशेब करतं: किती शक्ती सोडली, किती परत आली, मधली किती पेशंटमध्ये जिरली. त्या आकड्याला वजनाने भागायचं. उत्तर येतं दर किलोमागे किती वॅट ते. याला ते लोक 'सार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आहे, पण आपल्या मराठी 'सार'शी बरा जुळतो.

नेहमीच्या स्कॅनमध्ये सगळ्या शरीरासाठी ही मर्यादा दर किलोला २ वॅटची आहे, सहा मिनिटांच्या सरासरीने. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ४ वॅटपर्यंत जाता येतं. नुसत्या डोक्यासाठी ३.२. बसल्या जागी आपलं शरीर स्वतःच दर किलोला वॅटभर उष्णता तयार करत असतं. त्यामुळे घाबरण्यासारखं त्यात नाही. नेहमीच्या मर्यादेत शरीराचं आतलं तापमान अर्ध्या अंशापेक्षा जास्त वाढू नये, एवढाच हेतू.

पण भागाकारात खालचा आकडा चुकला तर? शाळेत आम्ही मुलांना फळ्यावर हेच करून दाखवतो. समजा मशीनने ६८ किलो धरून दर किलोला १.८ वॅट असं उत्तर काढलं, मर्यादेच्या आत. १.८ गुणिले ६८ म्हणजे सुमारे १२२ वॅट. तेच १२२ वॅट ५१ किलोच्या अंगात जिरले तर उत्तर येतं २.४. मर्यादा ओलांडली आणि पडद्यावर कुणाला दिसलीही नाही. हिशेब ढोबळ आहे आणि २.४ ने काही अनर्थ झाला नसता. पण ज्याने देखरेख करायची त्याला कळलंच नसतं, ही खरी गोष्ट. उलट वजन कमी सांगितलं तर मशीन जास्तच जपून चालतं आणि स्कॅन लांबू शकतो. वजन विचारल्यावर चार किलो कमी सांगणाऱ्या आमच्या बहिणी निदान इथे सुरक्षित आहेत!

आणखी एक गोष्ट त्या मुलाने सांगितली. हा आकडा सरासरी आहे. वर्गाची सरासरी ६० टक्के आली म्हणून कुणी नापास नाही असं होत नाही. सगळं अंग ठीक असताना एखादी जागा तापू शकते. म्हणून सिस्टरने अम्मीला आत नेऊन स्कार्फची पिन काढायला लावली, सुरमा पुसायला लावला, कमरेवरची दुखण्याची पट्टी सोलून काढली. काही पट्ट्यांना मागून धातूचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जरीच्या काठाची ओढणी बाहेर राहिली आणि तिच्या जागी साधी सुती मिळाली. ताविजापाशी अम्मी अडली. चांदीची पेटी, तांब्याची साखळी, अब्बांनी आणून घातलेली. "चांदी लोहचुंबकाला कुठे चिकटते?" असं तिने विचारलं. सातवी शिकलेल्या अम्मीचा प्रश्न बिनतोड होता. चिकटत नाही, पण लहरींनी त्यात वीज खेळते आणि खालची कातडी भाजू शकते, असं सिस्टरने समजावलं. तेव्हा तिने ताविज काढून आमच्या हातात दिलं. "खाली ठेवू नका," म्हणाली.

आत झोपल्यावर तिने नमाजेसारखे छातीवर हात बांधले. टेक्निशियनने ते हलकेच सोडवले आणि दोन्ही बाजूंना मऊ पॅड लावून ठेवले. हात हाताला लागला, मांडी मांडीला लागली, तर अंगाचंच कडं तयार होतं, त्यातून वीज फिरते आणि जिथे कातडी कातडीला टेकते तिथे चटका बसतो. "आजी, दुआ मनातल्या मनात. गरम वाटलं, चटका लागला तर हा फुगा दाबायचा, लाजायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं. आपल्या बायका ओरडत नाहीत, हे त्याला माहीत असावं.

हे अंदाज अधिक बरोबर यावेत म्हणून संशोधक संगणकावर माणसं तयार करतात. झुरिकच्या इटिस फाउंडेशनच्या अशा एका कुटुंबात एक पुरुष, एक स्त्री, एक मुलगी, एक मुलगा आहे. खऱ्या निरोगी माणसांचेच एमआरआय काढून त्यांचे हाड, चरबी, स्नायू आकड्यांत उतरवले आणि कुठल्या जागी किती उष्णता जिरते ते बघतात. पुढे त्यात इतरही माणसं आली, पण त्या पहिल्या चौघांत आजी नाही. वाचताना आम्हाला अम्मी आठवली, काट्यावर चप्पल काढून उभी असलेली. वय झालेल्या, ताप असलेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला उष्णता बाहेर टाकणं जड जातं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळतही नाही. काट्यावर न घेता कागदावरून वजन लिहिलं जात असेल, तर आपणच काटा मागावा.

अर्ध्या तासाने अम्मी बाहेर आली. "धडधड फार करतं, पण गरम नाही झालं," म्हणाली आणि पहिल्यांदा ताविज मागून घेतलं.

रिपोर्टमध्ये मणक्याची गादी सरकलेली निघाली, त्याचा इलाज सुरू आहे. पण तासगावला डॉक्टरांना आम्ही आधी दुसराच आकडा सांगितला. ६८ चे ५१. त्यांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि रक्त तपासायला पाठवलं. साखर ३४० निघाली. "रात्री किती वेळा उठता?" डॉक्टरांनी विचारलं. अम्मी म्हणाली, "चार-पाच वेळा. मुलांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही."

आम्ही शेजारच्या खोलीत झोपतो.

आता स्वयंपाकघरात काटा आहे. दर जुम्म्याला सकाळी अम्मी त्यावर उभी राहते आणि आम्ही कॅलेंडरवर आकडा लिहितो. मागच्या जुम्म्याला ५३ भरले, अल्हम्दुलिल्लाह. तिचा विश्वास बसला नाही. ताविज काढून आमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता परत बघ."